पिकअपचं ॲव्हरेज आणि माझी दुपार

८ जानेवारी २०२५

अकरा पॉइंट दोन!

हे पंपावरून आले ते हाच आकडा ओरडत. मला वाटलं, बाजारात कसला तरी भाव पडला. तर नाही — पिकअपचं ॲव्हरेज! लिटरला साडेतेरा किलोमीटर जाणारी गाडी अकरावर आली. "अगं, डिझेल जातंय कुठं? गाडी पितीया, का कोण काढतंय?"

मी चहा गाळत होते. निम्मा ओट्यावर सांडला.

कुठं जातंय ते मला माहीत आहे. मीच जाळते. दुपारी दीड ते सव्वादोन, खडी मशीनच्या मागच्या प्लॉटिंगच्या मैदानात, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये.

लिहिलं एकदाचं! कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

९ जानेवारी

काल घाईत लिहिलं. आज नीट.

हे पहाटे चारला मार्केट यार्डात जातात. भाजी भरायची, आंबेगावच्या तीन मेसना आणि एका कॅन्टीनला पोचवायची, अकरापर्यंत घरी. मग जेवण, आणि एक ते चार झोप. अशी झोप की शेजारी बोअरवेल खणली तरी कूस बदलत नाहीत! किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. आधी टेम्पोची होती, बारा वर्षं झाली पिकअपची आहे. मी रोज दुपारी ती बघते. किल्ली खिळ्याला टांगलेली आणि मी घराला.

मी कसब्यातली, तांबट आळीतली. तिथं सगळं पायी. शाळा पायी, मंडई पायी, वरात निघाली तीसुद्धा पायी. मला सायकलही आली नाही कधी. लग्न होऊन येवलेवाडीत आले तेव्हा इथं यायचं म्हटलं की रिक्षावाले तोंड फिरवायचे.

दोन गल्ल्या सोडून हिरा राहते. स्कूल व्हॅन चालवते. डिसेंबरात तिच्या शेजारी बसून बिबवेवाडीपर्यंत गेले. विचारलं, अवघड असतं का गं? म्हणाली, "छे! घाबरट माणसंपण चालवतात, वहिनी. रोज बघते मी."

तीस डिसेंबरला लर्निंग लायसन्स निघालं. मथुरा सर्जेराव कामठे, वय अठ्ठेचाळीस. नाव आजीचं, फोटो चोराचा. दोन जानेवारीपासून शिकवणी सुरू. सकाळची मुलं सोडून झाली की हिराला पाचपर्यंत वेळ असतो. गाडीच्या पुढंमागं लाल 'एल' चिकटवायचा, संपलं की काढायचा, गाडी होती तिथंच लावायची, किल्ली खिळ्याला.

यांना का सांगितलं नाही? आधी सांगितलं असतं तर परवानगी मागितल्यासारखं झालं असतं. शिकून सांगितलं की बातमी होते.

११ जानेवारी

शनिवार, बाजार बंद. हे गाडी घेऊन गॅरेजला गेले — गुलटेकडीला, गोपाळकृष्णाकडं. वीस वर्षं आमचा मिस्त्री हाच. हात सोन्याचे, तोंड वेगळं. त्यानं एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा तपासली, मागचं एक चाक कमी होतं ते भरलं. मग म्हणाला म्हणे, "गाडीला काही झालेलं नाही. ती म्हातारी झाली आहे. तुम्हीही झाला आहात. तुमचं कुणी ॲव्हरेज काढतं का?"

हे जेवताना तेच सांगत होते, चिडून. मी हसू दाबायला पाणी प्यायले तर ठसका लागला.

१४ जानेवारी

संक्रांत. आज क्लच सुटला! म्हणजे सुटला तसा रोजच, पण आज गाडीनं हिसका न देता सुटला. जागेवरून निघाली ती लोणी लावल्यासारखी. मी ओरडलेच. हिरा म्हणाली, "ओरडा, पण पाय काढा आता. क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे, वहिनी! गिअर पडला की पाय खाली."

हेच ती रोज दहा वेळा म्हणते. पाय खाली! पाय खाली! स्वयंपाक करतानाही माझा डावा पाय उगाच बाजूला सरकतो.

१५ जानेवारी

घोटाळा!!

काल आनंदाच्या भरात मागचा 'एल' काढायचा राहिला. हे पहाटे तसेच मार्केट यार्डात. तिथं हमालांनी घेरलं — "काय सर्जेराव, तीस वर्षं झाली, अजून लर्निंगच?" एकानं तर समोर उभं राहून हातवारे करत गाडी मागं घ्यायला मदत केली म्हणे, नव्या माणसाला करतात तशी!

घरी आले ते 'एल'चा बोळा मुठीत घेऊन. "टवाळ लेकाचे. कुणी चिकटवला ते कळू दे, मग बघतो."

मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही. हिराला फोन केला तर ती पाच मिनिटं नुसती हसत होती, बोलेना!

१८ जानेवारी

आजची गडबड सीटवरून. माझे पाय पोचत नाहीत म्हणून मी सीट पुढं घेते आणि निघताना मागं सरकवते. पण नेमकी तेवढीच मागं जाते असं कुठं आहे? यांच्या लक्षात आलं. "सीट रोज जागा बदलती. नट ढिला झालाय." गेले गॅरेजला. गोपाळकृष्णानं दोन माणसं लावून सीट अशी आवळली की आता ती या जन्मी हलायची नाही.

शिवाय इंजेक्टर काढून साफ केले. फिरवून आणली गाडी, सपाट रस्त्यावर, रिकामी. "पळते आहे. अजून काय पाहिजे?"

२० जानेवारी

सीट हलत नाही, म्हणून पाठीमागं दोन उशा घेऊन चालवली. हिरा म्हणाली, "सिंहासन झालं वहिनी तुमचं." आज पहिल्यांदा तिसरा गिअर! मैदान केवढंसं — तिसरा पडतोय तोवर कुंपण येतं. पण पडला!

२३ जानेवारी

अकरा पॉइंट चार. फिल्टर, टायर, इंजेक्टर, सगळं करून एवढंच.

आता यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आहे. डिझेल भरायचा पंपही बदलला. हौद्यातून जाडी ताडपत्री, दोन लोखंडी पाइप, जुना जॅक, सगळं उतरवलं — वजन कमी. आज जेवताना तिसरी भाकरी परत केली. का, तर "गाडीत माणूसबी वजनच की."

निकिता — आमची लेक, हिंजवडीला नोकरी — हसून लोटपोट. "बाबा, तुम्ही डाएट करताय ते गाडीसाठी?"

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. भूक मारतोय माणूस, माझ्यापायी!

२६ जानेवारी

हे गाडी विकणार आहेत.

सकाळी सहजच म्हणाले, बाजारातून आल्यावर, पिशवीतली कोथिंबीर काढून ठेवता ठेवता. "जीव गेलाय तिच्यातला. सासवडचं एक गिऱ्हाईक हाय. सोळा फेब्रुवारीला बघायला येतो म्हणालाय."

मी म्हटलं, मग भाजीचं?

"बंद. किती दिवस करायचं? दुसऱ्या कुणाला तरी देऊ त्या मेस." 

मग बाहेर गेले आणि गाडीची काच पुसत बसले. विकायचीय तर पुसायची कशाला? पुसत होते, पण सारखे एकाच जागी.

मी आत उभी. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगावं — अहो, गाडीला काही झालेलं नाही, मी चालवते! जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, आधी खात्री करू. आठ दिवस गाडीला हात लावायचा नाही. ॲव्हरेज वर चढलं की सरळ जाऊन सांगायचं आणि काय बोलणी खायची ती खायची.

२७ जानेवारी

शिकवणी बंद. हिराला कारण सांगितलं. ती म्हणाली, "मैदानातल्या पाऊण तासानं गाडी विकायची वेळ येते होय? काहीतरी दुसरं आहे." मला पटलं नाही. 

दुपार केवढी मोठी असते!

४ फेब्रुवारी

आठ दिवस हात लावला नाही. टाकी फुल केली. आकडा काय?

अकरा पॉइंट नऊ!

म्हणजे थोडं वाढलं. पण साडेतेरा कुठं? दीडची तूट तशीच. मी नाही! म्हणजे मी आहे, पण मी एकटी नाही!

संध्याकाळी निकितानं यांच्या जुन्या वह्या मांडीवर घेतल्या आणि सगळे आकडे लॅपटॉपमध्ये घातले. दर टाकीचे किलोमीटर, लिटर, सगळं यांच्या अक्षरात, एक पान चुकलेलं नाही. तिनं त्याची रेघ काढून दाखवली. "आई, हे बघ. बाबा म्हणतात महिन्याभरात पडलं. पडलेलं नाही. ऑक्टोबरपासून हळूहळू स्लिप होतंय. तेरा पॉइंट दोन, बारा पॉइंट आठ, बारा पॉइंट तीन. जानेवारीत एकदम डिप आहे, तो वेगळाच काहीतरी आहे."

तो वेगळाच काहीतरी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलत होता.

ऑक्टोबरमध्ये मला क्लच उजवीकडं असतो की डावीकडं हेही माहीत नव्हतं. मग हे कोण करतंय?

९ फेब्रुवारी

आज रविवार, बाजाराचा मोठा दिवस. मी म्हटलं, मला यायचंय तुमच्याबरोबर. हे बघतच राहिले. "तू? चार वाजता? कशाला?" म्हटलं, गाडी विकणार आहात ना, मग एकदा बाजार बघू दे.

स्वेटर घालून बसले डाव्या बाजूला. मार्केट यार्डात मी आधीही गेलेय, पण दिवसा, पिशवी घेऊन. आजचं वेगळंच! दिव्यांखाली मेथीचे डोंगर, फ्लॉवरच्या गोण्या, हमाल "बाजू, बाजू" करत अंगावरून जाणारे. मटारचा वास असा की खिशात भरून न्यावा. यांना तिथं सगळे ओळखतात. एका आडत्यानं मला चहा दिला, म्हणाला, "वहिनी, यांनी कधी कुजका बटाटा नेला नाही आणि कधी कुणाला नेऊ दिला नाही." मी सव्वीस वर्षांत हे ऐकलं नव्हतं.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा परतीचा.

गाडी भरलेली. कात्रजच्या बाजूला चढ लागला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र होती त्याच चालीनं. यांनी ॲक्सिलरेटर दाबला — आवाज वाढला, वेग नाही. मी आवाज ऐकून खाली बघितलं. आणि दिसलं.

यांचा डावा पाय. क्लचवर. गिअर केव्हाच पडला होता, तरी पाय तिथंच! मी मोजत बसले. पुढचा सिग्नल, पाय वर. उतार, पाय वर. आंबेगाव येईपर्यंत एकदाही खाली आला नाही.

महिन्यापूर्वी मला दिसलं असतं का? पाय दिसला असता. पण काय चुकतंय ते कळलं नसतं.

माझ्या ओठांवर आलं होतं — पाय खाली!

१० फेब्रुवारी

हिराला सांगितलं. ती एकदम गंभीर झाली. "मग प्लेट झिजली असणार. इंजिन फिरतं आणि चाकापर्यंत पोचतच नाही. भरलेल्या गाडीला चढावर कळतं, रिकामी फिरवून मिस्त्रीला कसं कळेल?" मग म्हणाली, "पण सर्जेरावदादा असं करतील? तीस वर्षांचा ड्रायव्हर?"

तेच मला कळत नाही. 

यांना म्हटलं, अहो, क्लच एकदा दाखवा ना. हे म्हणाले, "क्लच? तुला काय कळतंय क्लचमधलं?" 

काय सांगणार!

१२ फेब्रुवारी

परत म्हटलं. परत तेच. तिसऱ्यांदा म्हटल्यावर म्हणाले, "बरं बाई. विकायच्या आधी दाखवतो. गिऱ्हाइकाला खोटी गाडी द्यायची नाय मला."

१५ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायचं आहे. लिहिता लिहिता हसू येतंय!

सकाळी गाडी गोपाळकृष्णाकडं टाकली. मीही गेले, मिक्सरचं भांडं घ्यायला पुढं बुधवार पेठेत जायचं होतं म्हणून. तो म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, संध्याकाळी या. आम्ही बुधवारात गेलो, भांडं मिळालं, दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले, गर्दी फार. पाचला परत गॅरेजवर.

गोपाळकृष्ण क्लच प्लेट हातात घेऊनच बाहेर आला. यांच्या नाकासमोर धरली. "घ्या. तोंड बघा यात. आरसा झालाय." मग आवाज चढवून — "टायर तपासा, फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा, टाकीला कुलूप लावा! महिनाभर मला येड्यासारखं भलतीकडं शोधायला लावलंत. इंजिन कमावतंय आणि हा उडवतोय. क्लचवर पाय ठेवून चालवतं कोण ही गाडी?"

यांचा चेहरा पडला. वीस वर्षांच्या ओळखीचा मिस्त्री, आजूबाजूला त्याची माणसं, सगळे बघायला लागलेले. मला बघवेना.

"मी," मी म्हटलं.

"मी," हे म्हणाले.

एकदमच!

गोपाळकृष्णानं आधी यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दोघं? एका वेळी?"

गाडी सोमवारी मिळेल म्हणाला. बाहेर आलो, रिक्षा केली. गंगाधाम चौकापर्यंत हे खिडकी असल्यासारखे बाहेर बघत होते. रिक्षाला खिडकी नसते!

मग म्हणाले, "तू कशी काय?"

"शिकतेय. हिरा शिकवते. मैदानात. दुपारी."

"कधीपासनं?"

"दोन जानेवारी." आणि पर्समधून लर्निंग काढून हातात दिलं. फोटो बघितला, मागची बाजू बघितली, परत फोटो बघितला.

"मला का नाय सांगितलंस?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुमचा पाय क्लचवरून का निघत नाही?"

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. मग गुडघ्यावर हात ठेवला, डाव्या. "दसऱ्यापासनं दुखतोय. पाय उचलला की कळ येती, अगदी डोळ्यापुढं अंधारी. ट्रॅफिकमध्ये किती वेळा उचलायचा? म्हणून ठेवतो तसाच."

"म्हणून गाडी विकायला काढलीत?"

"मग काय सांगायचं? गाडी थकली म्हणालं की लोक समजून घेत्यात. सर्जेराव थकला म्हणालो असतो तर?" मग हळूच, "तू उद्यापासनं जाऊ दिलं नसतंस. आणि घरी बसून मी काय करू गं?"

मी त्यांचा हात धरला. रिक्षात! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

जरा वेळानं — "तो एल?"

"माझा."

"आणि सीट?"

"तीपण मीच. उशा घेऊन चालवते आता."

"आणि मी दोन माणसं लावून नट आवळला!" आणि हे हसायला लागले. असे हसले, असे हसले, की रिक्षावाल्यानं वळून बघितलं, काय झालं दादा म्हणून. मलाही आवरेना. मिक्सरचं भांडं मांडीवर खडखडत होतं.

घराशी उतरताना एकदम थांबले. अगदी गंभीर चेहरा.

"रिव्हर्स येतो का?"

"येतो. जरा डावीकडं जातो."

"सगळ्यांचाच जातो," म्हणाले.

१६ फेब्रुवारी

सासवडचं गिऱ्हाईक आलं. गाडी गॅरेजलाच. यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "माफ करा, तुम्हाला हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाय आता. चालवणारं माणूस मिळालंय."

मी आत होते. कपबशा धुता धुता उगाच परत धुतल्या.

१८ फेब्रुवारी

बिबवेवाडीच्या डॉक्टरांकडं नेलं. गुडघ्यातली गादी झिजली आहे. ऑपरेशन लगेच नको, पण रोज व्यायाम, आणि सहा आठवडे क्लच बंद. हे तोंड एवढंसं करून बसले. मी विचारलं, शेजारी बसून गेलं तर चालेल ना? डॉक्टर म्हणाले, "शेजारी बसायला काय, दिल्लीपर्यंत जा."

तोवर बदली ड्रायव्हर म्हणून नागोराव येतात. मूळचे नांदेडकडचे, शांत माणूस.

२० फेब्रुवारी

आता दुपारची शिकवणी यांच्याकडं. सीटचा नट यांनी स्वतः ढिला केला.

हिरा बरी होती! हे शिकवत नाहीत, नुसतं उजव्या पायानं जमीन दाबतात. मी ब्रेक उशिरा लावला की यांचा पाय आधी जातो. एकदा तर दाराची कडी घट्ट धरून डोळे मिटले. मी गाडी थांबवली, म्हटलं, उतरता का? म्हणाले, "नाय, नाय. तू चालव. मी बघत नाय."

पण आज रस्त्यावर नेली. खरा रस्ता! मागून पीएमपीची बस हॉर्न देत आली, मी बाजूला झाले नाही. माझी लेन होती ती. हे म्हणाले, "बरोबर. तिला थांबू दे."

२२ फेब्रुवारी

नव्या क्लच प्लेटवर, नागोरावांच्या पायानं पहिला आकडा. तेरा पॉइंट एक! तीन लाख बारा हजार किलोमीटर झालेल्या गाडीला! हे वही घेऊन घरभर फिरले, निकिताच्या रेघेला वर वळण आलं, ते तिनं मुद्दाम हिरव्या रंगात काढलं. रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या यांनी.

गोपाळकृष्णाला फोन केला. तो म्हणाला, "अभिनंदन. आता दोघांपैकी एकच जण चालवा."

२८ फेब्रुवारी

पास!!

भोसरीला टेस्ट. माझ्या पुढं कॉलेजची तरुण मुलं, सगळी मोबाईलमध्ये. एकजण म्हणाला, "काकू, कुणाला सोडायला आलात?" मी म्हटलं, मला स्वतःलाच.

चढावर थांबवून परत निघायचं होतं. गाडी तसूभर मागं गेली नाही. क्लच सुटला आणि पाय खाली! रिव्हर्स जरा डावीकडं गेला, पण रेघेला लागला नाही. साहेबांनी कागदावर सही केली, वर बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल! कुणीच काही म्हटलं नाही. बाहेर हिरा आणि हे उभे होते. हिरानं मिठी मारली. हे लांबूनच हात वर करून उभे, ट्रॅफिक पोलिसासारखे.

५ मार्च

पहिला दिवस. पहाटे चार. किल्ली माझ्या हातात, हे डावीकडं.

मार्केट यार्डाच्या गेटावर सगळे हमाल वाट बघत उभे — यांनी आधीच सांगून ठेवलं होतं! मागून एकजण ओरडला, "वहिनी, आणा सरळ, आणा... आणा... बस!" त्या दोन ट्रकच्या मधल्या फटीत गाडी मागं घेतली. एका दमात. यांनी डोळे उघडे ठेवले होते.

मेसवाले म्हणाले, आज भाजी दहा मिनिटं लवकर कशी? हे म्हणाले, "ड्रायव्हर बदललाय."

घरी आल्यावर जेवले आणि मी झोपले. एक ते चार. काय झोप लागली म्हणून सांगू! उठले तर यांनी चहा केला होता. साखर विसरले होते. प्यायले.

१३ मार्च

आज परतीला कात्रज-कोंढवा रस्त्यावर, क्रेट रिकामे, काचा खाली, गाडी चौथ्यात. मला माझं माझं बरं चाललं होतं. आणि शेजारून गाणं सुरू झालं.

गुणगुणणं नव्हे. गाणं! मोकळ्या आवाजात, सुरात, एक कडवं, मग दुसरं. मी बघितलंसुद्धा नाही, घाबरले, थांबले तर? सव्वीस वर्षं झाली लग्नाला. यांना गाता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

श्वास घ्यायला थांबले तेव्हा विचारलं, "अहो, इतकी वर्षं का नाही गायलात?"

"स्टिअरिंगवर कसं गाणार? लक्ष रस्त्यावर पायजे," म्हणाले. आणि पुढचं कडवं घेतलं.

घराची गल्ली आली. मी वळले नाही. सरळ बोपदेव घाटाकडं घेतली गाडी.